शाळेचा जुना हॉल दुरुस्त करायचाय? मग आधी छपरावर चढा

ठाण्यात जुन्या शाळा कमी नाहीत, आणि बहुतेक शाळेत एक हॉल असतो ज्याच्याबद्दल माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी "अरे हॉलची काय अवस्था झालीये, काहीतरी करूया रे" असं टाकतं, मग चाळीस अंगठे येतात आणि विषय संपतो. आमच्याकडे हे तीन वर्षं चाललं, मग खरंच काम केलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण खाली ज्या चुका सांगणारे त्यातल्या निम्म्या आमच्याच आहेत आणि उरलेल्या ज्यांच्या आहेत ते अजून स्टेशन रोडला समोरून येतात. तलावपाळीपासून चालत दहा मिनिटं, एवढं पुरे.

हॉल म्हणजे साधारण ६० बाय ३० फूट, खाली दगडी जोतं, चुन्यात बांधलेल्या जाड विटांच्या भिंती, वर सागवानी कैच्या (छपराचा भार घेणारे लाकडी तिकोनी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं, एका टोकाला लाकडी स्टेज. तुमचा हॉल थोडा वेगळा असेल पण पन्नास-साठ सालाआधीचा असेल तर फार वेगळा नसणार.

पहिल्या मीटिंगला काय झालं ते सांगतो म्हणजे तुमच्याकडे काय होईल ते कळेल. एक जण म्हणाला एसी, एक म्हणाला पुशबॅक खुर्च्या, एकाने तर मोबाईलवर घोडबंदर रोडच्या कुठल्यातरी बँक्वेट हॉलचा फोटो दाखवला, झुंबरासकट. आमचे ड्रॉइंगचे सर कोपऱ्यात बसले होते, रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेली, ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण पाणी कुठून येतंय ते कोणी बघितलंय का?" कोणीच बघितलं नव्हतं. तेव्हा क्रम असा धरा: आधी पाणी, मग लाकूड, मग भिंती, मग वायरिंग, फर्निचर शेवटी, आणि पॉलिश सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात कारण पॉलिशचा फोटो चांगला येतो.

एक पावसाळा फक्त बघा

हे कोणाला पटत नाही पण करा. ठाण्यात एका पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, यापेक्षा चांगला इन्स्पेक्टर मिळणार नाही. जोराची सर आली की हॉलमध्ये जायचं, जिथे थेंब पडतोय तिथे फरशीवर खडूने गोल काढायचा, फोटो, तारीख. आम्हाला जुलैअखेर एकवीस गोल मिळाले आणि गंमत म्हणजे त्यातले चौदा एकाच भिंतीच्या कडेने होते, म्हणजे कौलं नाही तर पन्हळ तुंबलेली. वर चढून बघितलं तर पन्हळीच्या कोपऱ्यात कबुतराचं घरटं आणि त्यात उगवलेला हातभर पिंपळ. एवढ्यासाठी एका ठेकेदाराने आम्हाला सगळं छप्पर काढून पत्रे टाकायचं कोटेशन दिलं होतं! पिंपळ नुसता कापू नका हं, परत फुटतो. आजूबाजूच्या दरजा (दगड-विटांमधले सांधे) मोकळ्या करून मूळ काढावं लागतं आणि ती पोकळी चुन्यानेच भरायची.

याच काळात हॉलचं माप घेऊन नकाशा काढा, प्रत्येक खिडकी, दार, कैची याला नंबर द्या. पुढे सुतार "ती तिसरी की चौथी?" विचारतो तेव्हा हा कागद कामाला येतो.

कागदपत्रं, पटकन

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करावंच लागतं, फक्त चुना आणि लाकडाची कामं केलेला इंजिनिअर शोधा. ज्याने जन्मभर फक्त आरसीसी बघितलंय तो हातोडी मारून म्हणेल "पाडा". इमारत हेरिटेज यादीत आहे का, असेल तर ग्रेड कुठली, हे महापालिकेच्या शहर विकास विभागात लेखी विचारा, कारण यादीत असेल तर बाहेरचं रूप बदलायला वेगळी परवानगी लागते. पैसे कोणाच्या पर्सनल खात्यात किंवा जीपेवर अजिबात नको, संस्थेचा ठराव, संस्थेचं खातं, पावती. संस्थेला ८०जी (देणगीवर आयकरात सूट देणारी नोंदणी) असेल तर देणगीदार दोन पैसे जास्त देतात, माणूसच आहे. कंपन्यांकडे जाणार असाल तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची डागडुजी हा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या समाजकामावरच्या खर्चाचा, विषय आहे आणि शिक्षण तर आहेच, पण एप्रिल २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, ती नसेल तर समोरचा साहेब कितीही आपल्या शाळेचा असला तरी हात वर करतो.

आणि शाळेचं कॅलेंडर भिंतीवर लावा. डिसेंबरमध्ये गॅदरिंग, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, जून मध्याला शाळा सुरू. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत छप्पर उघडायचं, ठोकाठोक परीक्षेआधी संपवायची, गिलावा जानेवारीपासून, आणि पॉलिश एप्रिल-मे मध्ये. गॅदरिंग त्या वर्षी पटांगणात घ्या, मुलांना उलट आवडतं.

छप्पर

कौलं उतरवताना सगळी ढिगात टाकू देऊ नका. आमच्या मिस्त्रींनी एक पद्धत दाखवली, ते उकिडवे बसायचे, कौल डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने एकदा टक्. खणखणीत वाजलं की उजवीकडे, बद्द वाजलं की डावीकडे. बद्द म्हणजे आत चीर आहे, वरून दिसत नाही. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली ही कौलं बनवायचा कारखाना काढला आणि पुढे तिथे बरेच कारखाने आले, त्यामुळे जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्यांचे शिक्के असतात, मुलांनी त्या शिक्क्यांचे फोटो काढायचा उद्योग सुरू केला तो वेगळाच. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, आमच्या छपराला उतार धरून तीन हजार, त्यातली अडीच हजाराच्या वर खणखणीत निघाली. जुनी कौलं भिवंडी, कल्याणकडे पाडलेल्या घरांची मिळतात, पण घेताना एक नेऊन जुळवून बघा, खाचा वेगवेगळ्या असतात आणि दोन मिमीच्या फरकाने पण पाणी आत येतं.

कौलं उतरली की कैच्या दिसतात. मधलं लाकूड बघून खूश होऊ नका, कैचीचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे बघा, कुजतं तिथेच, कारण तिथे हवा नाही आणि ओल आहे. स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचा, सागात सहज अर्धा इंच गेला तर आत काही उरलेलं नाही. एक मॉइश्चर मीटर घेऊन ठेवा, फार महाग नसतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीने कुजायला लागतं, १५ च्या खाली आणायची. अख्खी कैची बदलायची गरज बहुतेक वेळा नसते, कुजलेला दीड-दोन फुटांचा तुकडा कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, आणि टोकाभोवती भिंतीत बोटभर जागा मोकळी ठेवायची हवेसाठी. आमच्या सहा कैच्यांपैकी तीन टोकं अशी केली. कापायच्या आधी खालून टेकू लावलाय का हे इंजिनिअरने स्वतः येऊन बघितलं पाहिजे, फोनवर नाही.

खाली मुलं बसणार आहेत तेव्हा कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून ओली करा आणि एन-९५ मास्क लावा.

भिंती, म्हणजे आमची मोठी चूक

आमच्याआधी एका बॅचने, चांगल्या मनानेच, हॉल रंगवून दिला होता. भिंतीचा खालचा चार फूट पट्टा पोपडे येतात म्हणून सिमेंटने गिलावा केला आणि वर वॉटरप्रूफ प्लास्टिक पेंट. पहिल्याच पावसाळ्यात सिमेंटच्या पट्ट्याच्या बरोब्बर वर फुगे आले आणि लोणा फुटला, पांढरी भुकटी, हात लावला की बोटाला. आणि आम्ही पण शहाणे, आम्ही सुरुवातीला त्यावर परत एक भारीतला प्रायमर मारला. तीस हजार गेले.

काय होतं की चुन्याची भिंत श्वास घेते असं म्हणतात ना, ते काही काव्य नाही. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर उडून जाते. तुम्ही सिमेंट लावलं की तिची वाट बंद, मग ती आणखी वर चढते आणि जिथे सिमेंट संपतं तिथे बाहेर पडते, येताना क्षार घेऊन. म्हणजे सिमेंट जितकं उंच लावाल तितकी ओल उंच जाते. उपाय एकच, सिमेंट सगळं काढा, छिन्नीने, ड्रिल मशीनने नाही, विटा फुटतात. मग भिंत जितकी वाळेल तितकी वाळू द्या आणि बाहेरच्या बाजूला जोत्यापाशी पाणी साठतंय का ते बघा. आमच्याकडे मागे नंतर टाकलेल्या पेव्हर ब्लॉकचा उतार भिंतीकडेच होता!

नवीन गिलावा चुन्याचा. कळीचा चुना आणून विझवायचा, पाण्यात टाकला की उकळतो, खरंच उकळतो, त्यामुळे गॉगल, हातमोजे आणि मुलं लांब. विझवलेला चुना पाण्याखाली जितके दिवस ठेवाल तितका लोण्यासारखा होतो, आम्ही दीड महिना ठेवला, मग चाळणीतून गाळून घेतला. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू-सुरखी (विटांची भुकटी) मिळून, असं साधारण प्रमाण. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात, आमच्या मिस्त्रींनी पण थोडं घातलं. आधी कोपऱ्यात दोन फूट नमुना लावून पंधरा दिवस बघा, तडे गेले तर वाळू कमी पडलीये किंवा फार लवकर वाळलंय. एक थर अर्ध्या इंचाच्या आतच, दोन थरांत काही दिवसांची गॅप, आणि वर ओलं गोणपाट. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो, त्याला वेळ लागतो आणि जानेवारीत पंखे लावून "लवकर वाळवूया" म्हणणाऱ्या माणसाला चहा आणायला पाठवा.

रंग कुठला, यावर ग्रुपवर दोन आठवडे भांडण झालं. ते असं मिटवा: दाराच्या मागे कोपऱ्यात ब्लेडने एकेक थर हळू खरवडा. आमच्याकडे प्लास्टिक पेंटखाली डिस्टेंपर, त्याखाली कसला तरी गुलाबी, आणि सगळ्यात खाली पिवडी (पिवळी माती) घातलेला चुना निघाला. तोच परत दिला, चुन्याचेच पातळ पाच हात.

दारं-खिडक्यांचा जुना हिरवा ऑइलपेंट मात्र मशीनने कोरडा घासू नका. रंगात शिसं किती चालेल याची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या शेवटी लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसं असेल असंच धरून चाला, आणि ती धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट. ओलं करून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, खपल्या पोत्यात भरून बाहेर, आणि हे सुट्टीतच.

स्टेजखाली

स्टेजच्या बाजूला एक छोटं दार असतं, आमच्याकडे त्याला कुलूप होतं आणि चावी कोणाकडेच नव्हती. कुलूप तोडून टॉर्च मारला तर पुठ्ठ्याचे मुकुट, लाकडी तलवारी, एक फाटका भगवा झेंडा, आणि मधल्या खांबावर खालून वरपर्यंत वाळवीची बोटाएवढी जाड मातीची नळी. स्टेजच्या फळ्या वरून चकाचक, खालून पापड. वाळवीचं औषध नुसतं लाकडावर मारून उपयोग नाही, भिंत आणि जमीन मिळते तिथे फुटाफुटावर भोकं पाडून जमिनीत सोडावं लागतं, लायसन्स असलेल्या माणसाकडूनच. आणि स्टेजखाली हवा खेळली पाहिजे, समोरच्या फळीत जाळी लावा. यापुढे तिथे सामान ठेवायचं तर जमिनीपासून वर, रॅकवर.

वायरिंगला जास्त शब्द घालवत नाही, लाकडी पट्ट्यांवरची जुनी वायर सगळी काढा, नवीन एफआरएलएस (लवकर न पेटणारी, कमी धूर करणारी) वायर पाइपमधून, नीट अर्थिंग, ३० मिलीॲम्पचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच बंद होणारा स्विच. एकाच सॉकेटवर चार एक्स्टेन्शन ही गॅदरिंगची परंपरा बंद करायची असेल तर स्टेजवर सॉकेटच भरपूर द्या.

आवाज घुमतो म्हणून पीओपीचं फॉल्स सीलिंग मारायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. कैच्या झाकल्या जातात, वर उंदीर आणि ओल, गळती कळतच नाही. हिशोब बघा, आपल्या मापाच्या हॉलमध्ये हजारेक घनमीटर हवा, रिकाम्या हॉलमध्ये आवाज चार-पाच सेकंद घुमतो, पण दोनशे माणसं बसली की त्यांचे कपडेच इतका आवाज खातात की घुमणं सव्वा सेकंदाच्या आसपास येतं, आणि भाषण कळायला साधारण तेवढंच हवं. उघडी खिडकी तर आवाज परत देतच नाही. म्हणजे प्रॉब्लेम रिकाम्या हॉलमध्ये तालीम करताना येतो, आणि त्यासाठी मागच्या भिंतीवर जाड पडदे पुरतात. स्टेजवर दोन राक्षसी स्पीकर ठेवण्याऐवजी भिंतींवर थोड्या थोड्या अंतराने लहान स्पीकर लावा.

आता फर्निचर

सगळं बाहेर पटांगणात काढा आणि तीन ढीग करा: तशीच वापरायची, दुरुस्त होणारी, आणि सुटे भाग घ्यायचे. चौथा ढीग, भंगार, पहिल्या दिवशी करूच नका. आमच्याकडे स्टेजमागे सागवानी वेताच्या बत्तीस खुर्च्या निघाल्या, वेत फाटलेला म्हणून टाकून दिलेल्या. भंगारवाला दीडशे रुपये नग म्हणत होता. चौकटी बघितल्या तर एकही हलत नव्हती.

जुन्या फर्निचरचे सांधे बहुतेक सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा डिंक) चिकटवलेले असतात. हलणारा सांधा ठोकून खिळा मारू नका, गरम पाण्याचा फडका धरून ठेवा, सरस सुटतो, सांधा उघडतो, साफ करून परत बसवता येतो. एकदा फेव्हिकॉल गेला की पुढच्या वेळी लाकूड तुटतं पण सांधा सुटत नाही. वेत विणायला अंध कारागीर अजूनही आहेत, मुंबईत ही कला त्यांना वर्षानुवर्षं शिकवली जाते. आमच्याकडे आले होते ते काका वेत पाण्यात भिजवून घ्यायचे, आणि एकेक भोक करंगळीने चाचपून आधी जुन्या वेताचा चुरा काढायचे, उभे, आडवे, परत उभे, परत आडवे, मग तिरके, शेवटच्या तिरक्या फेरीला नखाने पट्टी उचलून खालून सरकवायचे. मी विचारलं मोजता कसं, म्हणाले, "मोजत नाही, चुकलं की बोट अडतं."

पॉलिश: आधी जुनं कुठलं आहे ते बघा, लपलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब, चिकट झालं तर लाखेचं. मग सगळं घासून काढायची गरज नाही, साफ करून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हात द्या. दमट हवेत हे करू नका, पांढरं पडतं, म्हणून मे संपायच्या आत. कैच्यांना अळशीचं तेल लावलंत तर त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. आमच्याकडे दुपारी जेवणाच्या वेळी बादलीतून धूर यायला लागला, शिपाईकाकांनी बघितलं म्हणून वाचलो. फडकी दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

नवीन काय घ्यायचं? हॉलमध्ये परीक्षा होते, योगा होतो, लसीकरण होतं, म्हणून पक्क्या बोल्ट केलेल्या खुर्च्या अजिबात नको. पुढच्या दोन ओळी वेताच्या, बाकी एकावर एक रचता येणाऱ्या, ट्रॉलीसकट. माणशी सात चौरस फूट धरा, मधे आणि बाजूला रस्ता मोकळा. दारं बाहेर उघडली पाहिजेत आणि मागच्या दाराचं कुलूप कार्यक्रम चालू असताना काढलेलंच पाहिजे. रॅम्प बारा फुटाला एक फूट चढ, त्याहून उभा केला तर व्हीलचेअर ढकलणारा शिव्या देतो.

तसबिरी उतरवताना मागचे कागद फाडू नका, कधीकधी देणगीची तारीख तिथेच असते. कसर लागलेली असते, ती मऊ ब्रशने काढा आणि काच फोटोला चिकटणार नाही अशी मधे माउंटची पट्टी घाला. मॅट्रिकला पहिले आलेल्यांच्या फळ्यावर आमची गंमत झाली. कोणीतरी मधे तो परत रंगवून घेतला होता. कापसाच्या बोळ्याने नुसत्या पाण्याने पुसताना वरचा रंग एका ठिकाणी सुटला आणि खाली जुनं अक्षर दिसलं, तर पेंटरने एका आडनावातल्या ध चा घ करून ठेवलेला! ध चा मा ऐकला होता, हे नवीन. त्या घरच्यांनी म्हणे दोनदा तक्रार केली होती पण शाळेने "फळ्यावर आहे तेच बरोबर" म्हणून परत पाठवलं. वरचा रंग पूर्ण काढायचा की नाही यावर सरांचा निर्णय, फक्त ती ओळ उघडी करायची, बाकी तसंच.

आता पुढची देखभाल. दर वर्षी मे महिन्यात पन्हळ साफ, दर दोन वर्षांनी वाळवीची तपासणी, वहीत तारीख. पहिल्या मोठ्या पावसात परत खडू घेऊन हॉलमध्ये जा. आम्ही गेलो तेव्हा एकवीसचे दोन गोल उरले होते, दोन्ही आढ्याजवळ, दोन कौलं सरकलेली. खणखणीत वाजलेली दीडशे कौलं स्टेजखाली रॅकवर ठेवलीत, आणि त्या छोट्या दाराची चावी आता शिपाईकाकांकडे आहे, एक सरांकडे.